पौलियासीच्या तोंडाचा वास

माझं नाक फार तिखट. उमूवरची, जमिनीतल्या भट्टीवरची, माती उकरायच्या आधीच आतलं कोनफळ शिजलंय की कच्चं आहे, हे मी नुसत्या वाफेवरून सांगते, आणि बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं. या नाकाचा मला गर्व होता. त्या गर्वामुळेच हे सगळं घडलं असं मी म्हणते. आमचे पाळक म्हणतात, प्रभूची इच्छा. त्यांना काय जातंय म्हणायला.

पौलियासी, माझा नवरा, पूर्वी होपी प्यायचा. पिंपात यीस्ट, साखर आणि हाताला लागेल ते फळ कुजवून केलेली ही घरगुती दारू आमच्या बेटावर कितीजणांनी घशाखाली घातली आणि कितीजणांच्या संसारात तिने माती कालवली, याची गणती नको. मेलियामेच्या, आमच्या एकुलत्या एका लेकीच्या, शाळेतल्या बक्षीस समारंभाच्या दिवशी तो चर्चमागच्या चरात पडलेला सापडला. मी त्याच दिवशी भावाच्या घरी निघून गेले आणि सात महिने परतले नाही. शेवटी तो, आमच्याकडे माफी मागायची रीत आहे तसा, कमरेला फाटकी चटई बांधून माझ्या भावाच्या अंगणात येऊन बसला, भर उन्हात, मान खाली घालून. भावाने त्याला उठवलं. मी म्हटलं, "पुन्हा एकदा जरी वास आला ना, तर ही चटई बांधून सात वर्षं बसलास तरी मी यायची नाही."

त्याने सोडली. नऊ वर्षं एक थेंब नाही. पुढे तो चर्चमध्ये उपदेश करू लागला, दर तिमाहीच्या उपदेशकांच्या यादीत त्याचं नाव येऊ लागलं. आम्ही गालाला ओठ लावत नाही, नाक लावतो आणि श्वास आत ओढून घेतो. रोज सकाळी तो मळ्यात निघाला की मी त्याच्या गालाला नाक लावायची. त्याला वाटायचं, बायकोची माया. माया होतीच, नाही कशाला म्हणू? पण नऊ वर्षं माझा मुका म्हणजे तपासणी होती, आणि हे त्यालाही कळत असणार.

आमच्याकडे मधुमेहाला नुसतं 'साखर' म्हणतात. पौलियासीला साखर होती. गेल्या वर्षी त्याच्या डाव्या पायाचं एक बोट कापावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन आणि साखर दोन्ही खाली आणा, नाहीतर पुढच्या वेळी पाऊल जाईल. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई चालू होतीच, ती तो स्वतःच टोचून घ्यायचा. मेलियामे ऑकलंडला एका वृद्धाश्रमात काम करते. तिने फोनवर नवीन टूम काढली.

"बाबा, कंद बंद. कोनफळ, अळकुड्या, रताळं, नीरफणस, पाव, साखर, सगळं बंद. मासे खा, मटण खा, अंडी खा, पालेभाजी खा."

"मग जेवू काय?" पौलियासीने विचारलं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भाषेत अन्न म्हणजे कंदच. मासे, मटण हे सगळं 'किकी', नुसतं तोंडी लावणं. तोंडी लावणं खाऊन कुणी जेवलो म्हणत नाही. पहिल्या रविवारी माझ्या चुलतभावाकडे जेवायला गेलो, तर पौलियासीने अळूच्या पानातलं मटण तेवढं खाल्लं आणि हातभर लांब कोनफळाला हात लावला नाही. ते कोनफळ चुलतभावाने खास आमच्यासाठी काढलं होतं. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"आमच्या मातीतलं अन्न चालत नाही वाटतं आता दाजींना?"

"अरे, पायाचं औषध आहे ते," मी म्हटलं.

"किकी खाऊन पाय सुधारतो होय? मग आमच्या मांजराला चार काय, आठ पाय हवे होते."

सगळे हसले. पौलियासीही हसला. पण घरी परतताना म्हणाला, "लेसिएली, मी हे करणार. दोन पायांवर उभा राहून उपदेश करायचाय मला."

पाचव्या दिवशी त्याच्या तोंडाला वास यायला लागला. गोडसर, कुजकट, उन्हात विसरलेल्या अननसासारखा. सकाळी गालाला नाक लावलं आणि मला होपीच आठवली. मी तिथल्या तिथे ऑकलंडला फोन लावला.

"आई, ते होतं गं सुरुवातीला," मेलियामे म्हणाली. "अंगातली चरबी जळायला लागली की तोंडाला असा वास येतो. दोन आठवड्यांत जातो. भरपूर पाणी पी म्हणावं, जीभ घासून काढ म्हणावं."

मग काय, घरात वासावर मोहीमच सुरू झाली. खराट्याचा हीर वाकवून तो जीभ खरवडायचा, ओकारी येईपर्यंत. मेलियामेने लवंगा पाठवल्या, त्या दाढेखाली धरायचा. लिंबाचं पाणी, मिठाच्या गुळण्या, पुदिन्याच्या गोळ्या; पण गोळ्यांत साखर असते म्हणून त्या पुन्हा मलाच खाव्या लागल्या. मी एवढंच बजावलं, "काहीही चघळ, फक्त पेरूचा पाला नको." होपीच्या दिवसांत तो घरी यायच्या आधी पेरूचा पाला चघळायचा. वाफेवरून कोनफळ ओळखणाऱ्या बाईला पेरूच्या पाल्याने फसवायला निघालेला माणूस! तेव्हापासून त्या पाल्याचा वासही मला सहन होत नाही.

"नाही चघळणार," तो म्हणाला. "शपथ."

शेजारची कालोलाइन चर्चच्या गायनात आमच्यासोबत असते. तिला तर विषयच मिळाला. "लेसिएली, तुमच्याकडे डुक्कर मेलंय का गं कुठे कोपऱ्यात? पौलियासी 'हालेलूया' म्हणाला की पुढच्या ओळीतल्या बायका माना खाली घालतात. लोकांना वाटतं, काय भक्ती आहे!" पौलियासी बिचारा मग शेवटच्या ओळीत, खिडकीपाशी उभा राहायला लागला. लोकांशी बोलताना तोंडावर हात धरायचा. मला त्याची कीव यायची आणि हसूही यायचं. सोळाव्या दिवशी वास गेला. लेकीने सांगितल्याप्रमाणेच गेला. मी नाक लावून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली.

पुढचे तीन महिने चांगले गेले. त्याचं पोट आत गेलं, साखरेचे आकडे खाली आले. डिसेंबरात मेलियामे येणार होती. तो म्हणायचा, "पोरीला असा बाप दाखवतो की विमानतळावर ओळखायची नाही."

मग ऑगस्टमध्ये, एका बुधवारी सकाळी, वास परत आला.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक लावलं. होता, आणि आधीपेक्षा जास्त. मेलियामेला फोन करावासा वाटला, पण म्हटलं, कशाला? तिने सांगितलं होतं ना, दोन आठवड्यांत जातो. तो गेला होता. मेलेला वास काही तीन महिन्यांनी उठून बसत नाही. हा दुसरा वास होता आणि तो कशाचा असतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग मी डोळ्यात तेल घालून बघू लागले, आणि बघायला निघालेल्या बाईला सगळं दिसतं. तो घटाघटा पाणी प्यायचा, तांब्यावर तांब्या. पूर्वी प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी अशीच तहान लागायची. दुपारी मळ्यातून लवकर येऊन आडवा व्हायचा. डोळे खोल गेले होते. विचारलं की म्हणायचा, "थकवा आहे गं." चौथ्या दिवशी कपडे धुवायला काढले आणि त्याच्या खिशात पेरूचा पाला निघाला. चुरगळलेला, अर्धा चावलेला.

मी तो धुण्याच्या दगडावर ठेवला. नऊ वर्षं. मला रडू आलं नाही, राग आला. आपण एवढी वर्षं येड्यासारखा विश्वास ठेवला याचा राग.

त्याच संध्याकाळी कालोलाइन कुंपणाशी आली. आवाज खाली आणून म्हणाली, "सांगू का नको कळत नाही. तुझा माणूस हेनेलीच्या शेडमध्ये बसलेला असतो हल्ली. दोनदा पाहिला मी."

हेनेली म्हणजे आमच्या गावचा होपीवाला.

पौलियासी आला तेव्हा मी पाला त्याच्यासमोर टाकला.

"हे काय?"

तो पाल्याकडे बघत राहिला. मग खाली बसला, भिंतीला टेकून. "वास येतोय ना मला? मला कळतंय. त्या खाण्याचाच आहे तो. लवंगेने जात नाही, लिंबाने जात नाही. म्हणून हा घेतला. तू ओरडशील म्हणून लपवला."

"खाण्याचा वास दोन आठवडे असतो. तूच तोंड वर करून गावभर सांगत होतास."

"मग परत आला असेल."

"आणि हेनेलीच्या शेडमध्ये काय बायबल वाचायला जातोस?"

यावर तो गप्प झाला. हे गप्प होणं माझ्या ओळखीचं होतं. मला आणखी काही लागलं नाही.

"लेसिएली, मी थेंबसुद्धा घेतला नाही. बायबल आण, हात ठेवतो."

"त्या तोंडाने बायबलचं नावसुद्धा घेऊ नकोस," मी म्हटलं. हे शब्द मी माझ्या नवऱ्याला बोलले. त्यानंतर आम्ही एका घरात दोन परक्यांसारखे राहिलो. सकाळी तो मळ्यात निघताना गाल पुढे करायचा आणि मी नाक लावायची. बोलत नव्हते, तरी नाक लावायचं सोडलं नाही. मला रोजचा पुरावा हवा होता, आणि रोज तो मिळत होता.

आठवडाभराने, रविवारी, उपदेश त्याचा होता. शनिवारी तो अंगणात दोनदा ओकला. मी पाळकांच्या घरी गेले.

"पाळकसाहेब, उद्या पौलियासीला उभं करू नका. तो पुन्हा प्यायला लागलाय."

पाळक दचकले. "खात्री आहे तुमची? मला तर तो आजारी दिसतो."

"बायको आहे मी त्याची. दहा दिवस रोज वास घेतेय. माझ्या नाकावर तरी विश्वास ठेवाल की नाही?"

त्यांनी ठेवला. पाळकांची बायको, तिथे आलेली कालोलाइन, दारात बसलेले दोन म्हातारे, सगळ्यांनी ठेवला. मी इतकी ठाम होते.

रविवारी पहिली घंटा झाली तेव्हा पौलियासी पांढरा शर्ट घालून, चर्चला जाताना बांधतात ती चांगली चटई कमरेला बांधून खोलीच्या मधोमध उभा होता. उपदेशाचे कागद हातात. उभ्या उभ्या झुलत होता. धावत आल्यासारखा जोरजोरात, खोल श्वास घेत होता आणि त्या वासाने खोली भरून गेली होती.

"चल," तो म्हणाला. शब्द जिभेवर अडखळत होते. "उशीर... होतोय."

"तुझं नाव काढलंय यादीतून. मीच काढायला लावलं. लाज वाटते का काही? प्रभूच्या दिवशी, या अवस्थेत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ते कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. तो हळूच जमिनीवरच्या चटईवर बसला, मग आडवा झाला. मी त्याच्या अंगावर चादरसुद्धा घातली नाही.

"झोपून उतरव," म्हटलं, आणि दार ओढून चर्चला गेले.

दुसऱ्याच कुणीतरी उपदेश केला. मी समोरच्या ओळीत ताठ मानेने बसले होते. बायका माझ्याकडे दयेने बघत होत्या, आणि खोटं कशाला सांगू, ती दया मला बरी वाटत होती.

परतले तेव्हा तो तसाच होता. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, पाणी मारलं. श्वास तेवढा चालू होता, भात्यासारखा. कालोलाइनच्या नवऱ्याने गाडी काढली.

इस्पितळात नर्सने त्याच्या तोंडाशी वाकून एकदाच श्वास घेतला आणि डॉक्टरांना हाक मारली. सलाइन लागली, धावपळ सुरू झाली. मी कोपऱ्यात उभी होते. मग ती नर्स माझ्याकडे आली. कोवळी पोर होती, मेलियामेच्या वयाची.

"मावशी, इन्सुलिन घेत होते ना ते?"

"हो. सकाळ-संध्याकाळ."

"हा वास कधीपासून येतोय?"

"अकरा दिवस."

"म्हणजे तुमच्या लक्षात आला होता?"

"सगळ्यांच्या आधी माझ्याच लक्षात आला," मी म्हणाले. "मला वाटलं, होपी."

माझा हात धरून तिने मला बाकावर बसवलं. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं: इन्सुलिन बंद झालं की रक्तच आंबट होत जातं, त्याचा वास तोंडाला येतो. सुरुवातीचा खाण्याचा वास निराळा, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. हा तसला नव्हता. नाकाला दोन्ही सारखेच वाटतात. तपासणीनेच कळतं.

सोमवारी पहाटे तो गेला. शुद्धीवर आलाच नाही.

घरी फ्रिजमध्ये, अंड्यांच्या मागे, इन्सुलिनच्या बाटल्या न फोडलेल्या सापडल्या. त्याने जवळजवळ तीन आठवड्यांपासून सुई सोडली होती. मेलियामे ऑकलंडहून आली ती प्रेताजवळ बसून ओक्साबोक्शी रडत म्हणाली, "आई, मला त्याने फोनवर विचारलं होतं गं, आकडे चांगले असले तर सुई सुटेल का. मी म्हटलं, सुटेल कधीतरी, डॉक्टरांना विचार. तो म्हणाला, आईला सांगू नकोस, तू आलीस की दोघींना एकदमच सांगतो." त्याला आम्हाला सुई सुटलेली दाखवायची होती. मला आधी सांगितलं असतं तर मी ओरडले असते. माझ्या ओरडण्याची त्याला एवढी धास्ती होती.

हेनेली अंत्यविधीला आला, लांब उभा राहिला. मी स्वतःच उठून त्याच्याकडे गेले. "खरं सांग. किती प्यायला तुझ्याकडे?"

"काकू, एक घोटसुद्धा नाही. देवाशप्पथ. नुसता येऊन बसायचा. म्हणायचा, तुझ्या शेडमध्ये इतका वास आहे की माझा कुणाला येत नाही. इथे कुणी तोंड फिरवत नाही."

मी तिथेच मातीत बसले. मला उठवायला दोन बायका लागल्या.

दोन महिने मी काळ्या कपड्यांत घरातच होते. मग साक्षीच्या सभेला गेले. जो तो उठून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बाटल्या, सुई, आंबट रक्त, हेनेलीची शेड. म्हटलं, "माझा नवरा प्यायला नव्हता. नऊ वर्षांत एकदाही नाही. मी त्याच्यावर आळ घेतला, तुमच्यापुढे घेतला, आणि तो आजारी असताना त्याला जमिनीवर टाकून इथे गाणी म्हणायला आले." मला वाटलं, आता कुणीतरी मला शिव्या घालेल. मला त्या हव्या होत्या.

मागून एक म्हातारा "आमेन" म्हणाला. सभा संपल्यावर पाळकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "लेसिएली, तो आता प्रभूपाशी आहे. त्याचे जे काही दोष होते ते प्रभूने पोटात घातलेत. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका."

"दोष नव्हता, पाळकसाहेब."

"हो, हो," ते हळुवारपणे म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

कालोलाइन फाटकापर्यंत माझ्यासोबत आली. तिने माझ्या गालाला नाक लावलं, डोळे पुसले.

"तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं," ती म्हणाली. "मेल्यावरसुद्धा नवऱ्याचं झाकतेस. पण आमच्यापुढे कशाला गं? आपली माणसं आहोत आपण."

"कालोलाइन, झाकत नाहीये मी. तो प्यायलाच नव्हता. खरंच सांगते."

"असं कसं?" ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तूच तर सांगितलंस आम्हाला."